एंजल माशांसोबत टाकीत कोणते मासे ठेवावेत?

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी,

आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन हैदराबादला गेलं आणि जाताना त्यांची माशांची टाकी आम्हाला देऊन गेलं. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत चार एंजल आहेत: दोन चंदेरी अंगावर काळे पट्टे असलेले, एक मार्बल आणि एक पांढरा-नारिंगी, ज्याला ते कोई एंजल म्हणायचे. शेपटी सोडली तर अजून दीड-दोन इंचांचेच आहेत. शिवाय काचेला चिकटून बसणारा एक काळा सकर, साधारण चार इंचांचा. फिल्टर, हीटर, दिवा सगळं सोबत मिळालं. पाणी महापालिकेच्या नळाचं, क्लोरीन काढायचे थेंब घालून वापरतो.

एवढ्या टाकीत पाचच मासे, त्यामुळे मधली जागा मोकळी मोकळी दिसते. मुलाला निऑन टेट्रा हवेत. मला गप्पी आवडतात, लहानपणी बाबांनी अंगणातल्या हौदात सोडले होते. दुकानात विचारलं तर टायगर बार्ब घ्या म्हणाले, एंजल शांत मासा आहे, कुणाहीबरोबर राहतो म्हणाले. नेटवर पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय. इथल्या जुन्या धाग्यांवरून दिसतं की बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं एंजल पाळलेत, म्हणून विचारते. काय ठेवावं, काय मुळीच ठेवू नये आणि का? "का" कळलं तर पुढच्या वेळी दुकानात उभं राहून मलाच ठरवता येईल.

खाडीकाठ

मृण्मयीताई, "का" विचारलंत हे फार बरं केलंत. सविस्तर लिहितो.

एंजल हा सिक्लिड आहे. ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न ही सगळी त्याचीच भावकी. चाल संथ असते म्हणून तो शांत वाटतो. पण अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा पाण्यात बुडालेल्या फांद्या आणि मुळांच्या गर्दीत दबा धरून असतो आणि समोरून जाणारं लहानसहान काही गिळतो. अंगावरचे उभे पट्टे त्या मुळांच्या सावलीत लपायला आणि चपटं अंग त्या फटींतून सरकायला. तुमच्याकडच्या चारही रंगांच्या माशांत हा स्वभाव जशाचा तसा आहे, कारण मार्बल काय, कोई काय, हे रंग माणसाने पैदास करून आणलेत. मासा तोच.

आता आकार. आज दीड-दोन इंचांचे दिसतायत ते नीट खायला मिळालं तर वर्षभरात भराभर वाढतील. पूर्ण वाढलेला एंजल लांबीला १५ सेमीपर्यंत आणि वरचे-खालचे पर धरून उंचीला २० सेमीच्या आसपास जातो. म्हणून सोबती आजच्या एंजलला बघून घेऊ नका, वर्षाने जो असेल त्याला बघून घ्या. दुकानातल्या सल्ल्यात नेमकी हीच गोष्ट राहून जाते, कारण तिथे सगळेच मासे पिल्लं असतात आणि पिल्लं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळवून घेतात.

मी सोबती निवडताना आधी एंजलचं तोंड बघतो, मग सोबत्याचं तोंड आणि शेवटी थर्मामीटर.

एंजलच्या तोंडात जे मावतं ते आज ना उद्या पोटात जातं. निऑन, गप्पीची पिल्लं, चेरी कोळंबी ही त्या यादीतली. सोबत्याचं तोंड बघायचं कारण एंजलचे लांब पर आणि पोटाखाली लोंबणारे ते दोन नाजूक तंतू. काही माशांना ते कुरतडल्याशिवाय राहवत नाही. टायगर बार्ब त्यात पहिला. सर्पे टेट्राही तसाच. टायगर बार्ब आठ-दहाच्या घोळक्यात ठेवले की आपापसात खेळतात आणि इतरांना सोडतात असं म्हणतात, थोडंफार खरंही आहे, पण एंजलच्या टाकीत मी हा प्रयोग कुणालाच सुचवणार नाही. कुरतडलेल्या परांवर बुरशी धरते, मासा कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, खाणं सोडतो. विडो टेट्राचं माशागणिक वेगळं असतं. काही टाकींत गुण्यागोविंदाने राहतात, काहींत एंजलच्या मागे लागतात.

आणि थर्मामीटर. एंजलला २६ ते २८ अंश पाणी मानवतं. म्हणून गोल्डफिश बाद, त्याला थंड पाणी लागतं आणि तो पाणी घाणही फार करतो. झेब्रा डॅनिओही थंड पाण्यातला आणि दिवसभर इकडून तिकडे धावणारा, त्याच्या धावपळीत एंजल बिचकून राहतो.

तुमच्या टाकीसाठी माझं मत: चार एंजल, दहा-बारा रमीनोज टेट्रा (लाल तोंडाचे, घोळक्याने राहणारे छोटे मासे) आणि तळाला सहा-सात कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे. कागदावर तुमची टाकी १९० लिटरची भरते, पण खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली तर खरं पाणी १६०-१६५ लिटरच असणार. त्यामुळे एवढ्यावर थांबा.

केदार_डोंबिवली

खाडीकाठ, बाकी सगळं मान्य, पण निऑनबद्दल थोडा वेगळा अनुभव. माझ्याकडे चार फुटी टाकीत एंजल आणि निऑन गेली काही वर्षं एकत्र आहेत. निऑन आधी होते, पूर्ण वाढलेले. एंजल नंतर आणले, एक रुपयाच्या नाण्याएवढे. त्यांनी निऑनना लहानपणापासून टाकीचाच भाग म्हणून पाहिलं, त्यांना खाद्य समजले नाहीत. शिवाय मागच्या काचेपर्यंत व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती दाट वाढवलीय. त्यामुळे "निऑन म्हणजे मेलाच" असं सरसकट नसावं.

रानजाई

केदारदादा, तुमच्याकडे टिकले याचा आनंद आहे, पण मृण्मयीताईंकडे नेमकं उलटं आहे. एंजल आधीपासून आहेत आणि निऑन नव्याने येणार. नवीन आलेला, प्रवासाने दमलेला, पाऊण इंचाचा निऑन घरच्या एंजलला खाद्यच वाटणार.

माझ्या मावशीकडे हे मी अगदी जवळून पाहिलंय. तिचे एंजल तळहाताएवढे झाले होते. पहाटे टाकीचा दिवा लागायच्या आधी, खोलीत नुकतं फटफटत असताना, त्यातला एक एंजल डोकं किंचित खाली करून थांबला. पोटाखालचे तंतू अंगाला चिकटवले. फक्त छातीजवळचे पारदर्शक पर थरथरत होते, बाकी सगळा मासा स्थिर. निऑनचा घोळका झोपेतून उठून पानांबाहेर येत होता. एक निऑन थोडा मागे पडला. एंजल झेपावलासुद्धा नाही, तोंड पुढे ताणलं गेलं, पाणी आत ओढलं गेलं आणि निऑन गायब. शेपटीचं लाल टोक क्षणभर ओठांबाहेर दिसत होतं. दिवा लागल्यावर तोच एंजल त्याच निऑनच्या घोळक्यातून निवांत फिरत होता. दिवसा टाकी बघणाऱ्याला वाटेल, किती छान जमतंय यांचं! मावशी निऑन मोजायची आणि ते कमी कसे होतात हे तिला कळत नव्हतं.

मुलाला तो निळा-लाल रंगच हवा असेल तर कार्डिनल टेट्रा बघा. निऑनपेक्षा अंगाने मोठा होतो, चार-साडेचार सेमीपर्यंत, आणि लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत असतो, निऑनसारखा मधेच सुरू होत नाही. ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीत एंजल आणि कार्डिनल दोन्ही सापडतात, त्यामुळे उबदार पाणी दोघांनाही चालतं. निऑनला खरं तर २५ च्या आतलं पाणी बरं वाटतं, २८ मध्ये तो लवकर थकतो. फक्त कार्डिनल घेताना वाढलेले घ्या. दुकानात पिल्लं स्वस्त मिळतात आणि वाढलेले महाग, पण इथे पैसे वाचवू नका.

केदार_डोंबिवली

रानजाई, मुद्दा पटला. ताईंच्या परिस्थितीत मी पण निऑन सुचवणार नाही. कार्डिनल किंवा रमीनोज.

विदर्भी_माणूस

नागपूरहून लिहितोय. थर्मामीटरची गोष्ट आमच्याकडे उलट्या बाजूने येते. हिवाळ्यात हीटर लागतोच, पण मे महिन्यात टाकीचं पाणी आपोआप ३२ च्या वर जातं. एंजल ३० पर्यंत तक्रार न करता राहतो. प्रश्न तळातल्या माशांचा आहे.

कोरी म्हणजे एकच मासा नव्हे, त्यांच्या पुष्कळ जाती आहेत आणि प्रत्येकीचं पाणी वेगळं. पांडा कोरी आणि पेपर कोरी थंड पाण्यातल्या, एंजलच्या टाकीत त्या कायम धापा टाकत राहतील. स्टर्बाय कोरी उबदार पाण्याची, २८ पर्यंत मजेत राहते. ती महाग असते आणि सगळीकडे मिळत नाही. दुकानात सर्रास मिळते ती पांढरी, लाल डोळ्यांची अल्बिनो कोरी. ती २६ पर्यंत ठीक. पुण्यात टाकी २६ वर ठेवलीत तर दोघांचंही भागेल.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना पाणी लिटरला ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू धरू शकतं, ३२ ला ७ च्या आसपास. आकडा लहान दिसतो, पण त्याच वेळी उष्णतेने माशाची गरज वाढलेली असते, खाल्लेलं लवकर कुजतं, म्हणून दोन्हीकडून कोंडी होते. कोरी वारंवार वर येऊन हवा घेतात. अधूनमधून हे नैसर्गिक आहे, पण सारखंच चाललं असेल तर एअर पंप वाढवा आणि खाद्य कमी करा. आम्ही उन्हाळ्यात टाकीचं झाकण काढून वर जाळी टाकतो आणि पंख्याचं वारं पाण्यावर सोडतो. दोनेक अंश उतरतं त्याने. पाणी उडून कमी होतं, ते रोज भरत राहावं लागतं.

आणि तळाला टोकदार खडी असेल तर कोरीच्या मिशा झिजतात. वाळू किंवा गोल बारीक खडी हवी.

भीमातीर

सकरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो. मृण्मयीताई, तुमच्या टाकीत आज सगळ्यात धोक्याचा सोबती तोच आहे.

चार इंचांचा सकर हे पिल्लू आहे. बाजारात ज्याला आपण नुसतं सकर किंवा टँक क्लीनर म्हणतो तो पूर्ण वाढला की ४० सेमीच्या पुढे जातो. तीन फुटी टाकीत त्याला वळायलाही जागा पुरणार नाही. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळातला रस कमी होतो आणि रात्री तो चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर ओरबाडू लागतो. एंजल आणि डिस्कस दोन्ही त्याला सोयीचे, कारण अंग रुंद आणि रात्री ते एका जागी स्थिर झोपतात. सकाळी एंजलच्या कुशीवर गोलसर फिकट चट्टा दिसला, तिथले खवले उडालेले दिसले तर रोग समजून औषधं ओतू नका, आधी सकरकडे बघा. पोट भरलेला सकर हे कमी करतो, त्यामुळे तो टाकीत आहे तोवर रात्री दिवा बंद करताना त्याला बुडणारी गोळी किंवा उकडलेल्या काकडीची चकती द्या.

पण त्याला दुसरं घर शोधाच. दुकानदार बहुतेक परत घेतात. मोठी टाकी असलेला कुणी मिळाला तर उत्तम. हात जोडून एक विनंती आहे, नदी-तळ्यात सोडू नका. मी उजनीच्या काठचा आहे. जलाशयात या माशाने जे करून ठेवलंय ते आमच्या मच्छीमारांना रोज दिसतं. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो आणि खाऊन संपवणारं इथे त्याला कुणी नाही. हे सगळे मासे कुणाच्या तरी टाकीतूनच सुटलेत.

शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्या. तो १२-१५ सेमीवर थांबतो, लाकूड चघळत बसतो आणि एंजलच्या वाटेला जात नाही. टाकीत एक लाकडाचा ओंडका मात्र ठेवा.

खाडीकाठ

भीमातीर, फार महत्त्वाचं लिहिलंत. सकर टाकीत होताच म्हणून मी त्याला गृहीत धरून पुढे गेलो होतो. किसिंग गुरामीही याच कारणासाठी नको, तोही चपट्या माशांच्या अंगावर तोंड लावत राहतो.

मराठवाडी_मीन

संभाजीनगरचा नियमित वाचक. आमच्याकडे बोअरचं पाणी, कमालीचं जड. बादलीवर पांढरे डाग पडतात तसं. अशा पाण्यात रमीनोज, कार्डिनल टिकवणं अवघड जातं, पण एंजल मात्र टिकतो, कारण बाजारातला एंजल नदीतून आलेला नसतो, पिढ्यान् पिढ्या टाक्यांमध्ये पैदास झालेला असतो. चेन्नईतल्या कोळत्तूरला गल्लोगल्ली ही पैदास चालते आणि तिथून देशभर मासे जातात.

तर जड पाणी असलेल्यांनी मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल बघावेत. त्यांना जड पाणीच आवडतं आणि वाढलेली मॉली एंजलच्या तोंडात मावत नाही. पिल्लं होतील आणि ती एंजल खाऊन टाकतील, हे मान्य असेल तरच. बोसमनी रेनबोही जड पाण्यात छान रंगतो, पण त्याला पोहायला चार फुटी टाकी तरी हवी.

गप्पीबद्दल ताईंना सांगतो. नर गप्पी लहान, शेपटी रंगीत आणि झुलती, पोहण्याचा वेग कमी. एंजलच्या टाकीत त्याची शेपटी राहत नाही. गप्पीसाठी वेगळी दीड-दोन फुटी टाकी करा, त्यांना हीटरचीही गरज नाही पुण्यात फारशी. हौदाची आठवण आहे म्हणता तर ती टाकी मुलाला स्वतःच्या हाताने सांभाळायला द्या.

सावंतवाडीची_सई

एक शंका. आपल्या सह्याद्रीतला डेनिसन बार्ब, ज्याला रेड लाइन टॉर्पेडो म्हणतात, तो एंजलसोबत ठेवलेला काही व्हिडिओंमध्ये पाहिला. चंदेरी अंग, लाल पट्टा, फार देखणा दिसतो. आपला मासा म्हणून मलाही हवासा वाटतो. जमेल का?

खाडीकाठ

सई, देखणा आहे यात वादच नाही. पण तो डोंगरी ओढ्यांचा मासा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटांमधलं वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी हे त्याचं घर. एंजलला संथ आणि गरम पाणी हवं. शिवाय डेनिसन १५ सेमीपर्यंत वाढतो, घोळक्याने राहतो आणि खाद्य पडलं की एंजल वळायच्या आत संपवून टाकतो. चार फुटीपेक्षा लहान टाकीत तर त्याला ठेवूच नये.

या माशाला जपण्याचीही गरज आहे. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो नद्यांमधून इतका पकडला गेला की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. २०१३ साली राजीव राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि पुण्याचे नीलेश डहाणूकर या संशोधकांनी त्याला आणि त्याच्या चालक्कुडीच्या भावाला स्वतंत्र प्रजातीत (इंग्रजीत जीनस) घातलं, तिचं नाव "सह्याद्रिया". घ्यायचाच असेल तर पैदास केलेला आहे याची खात्री करून घ्या आणि त्याच्यासाठी वेगळी, जोरदार प्रवाहाची टाकी करा.

सावंतवाडीची_सई

सह्याद्रिया! हे माहीतच नव्हतं. धन्यवाद, मग तो विचार वेगळ्या टाकीसाठीच राखून ठेवते.

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. सकरची सोय झाली, ज्या दुकानातून शेजाऱ्यांनी तो आणला होता त्यांनीच परत घेतला. टायगर बार्ब आणि निऑन रद्द. मुलाला कार्डिनलचा फोटो दाखवला, तो खूश आहे.

पण तुमचं सगळं वाचून आता एंजलकडे नीट लक्ष द्यायला लागले आणि एक गोष्ट दिसली. मार्बल आणि पट्टेवाल्यांपैकी एक, हे दोघे बाकीच्या दोघांना कोपऱ्यात दाबून धरतात. कोई तर खाद्य टाकलं तरी वर यायला बिचकतो. चौघेच तर आहेत, आपसातच असं का? नवीन मासे आणल्यावर हे वाढेल की कमी होईल?

मुळामुठा

मी बरीच वर्षं एंजलची पैदास करतो, त्यामुळे या प्रश्नावर लिहायलाच हवं. एंजलचा सगळ्यात कठीण सोबती दुसरा एंजलच असतो.

दीड-दोन इंचांना जोडी क्वचितच जमते. तुमच्याकडे सध्या चालू आहे ती वरच्या क्रमांकाची रस्सीखेच. कोण आधी खाणार, कुणाची कुठली जागा, हे ठरतंय. एंजल एक तरी असावा, जमलेली जोडी तरी असावी किंवा सहाच्या पुढे तरी असावेत. तीन-चार हा सगळ्यात वाईट आकडा, कारण दांडग्याचा सगळा राग एखाद-दुसऱ्या दुबळ्यावर निघतो. सहा असले की तो वाटला जातो. पण तुमच्या टाकीत पूर्ण वाढलेले सहा एंजल गर्दी करतील, म्हणून आणखी घ्या असंही म्हणणार नाही.

आत्ता करण्यासारखं म्हणजे टाकीतली मांडणी बदला. लाकूड, दगड, झाडं सगळं उचलून नव्या जागी लावा. जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि चौघांनाही पुन्हा पहिल्यापासून जागा शोधावी लागते. उंच झाडं मधोमध लावा, म्हणजे एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला दिसणार नाही. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया दोन्ही पुण्याच्या पाण्यात छान येतात. खाद्य दोन कोपऱ्यांत एकाच वेळी टाका. टेट्रांचा घोळका आल्यावर भांडण थोडं कमी होतं असाच माझा अनुभव आहे, उघड्यावर लहान मासे निर्धास्त फिरताना दिसले की एंजलही सैलावतात.

खरा प्रसंग येईल तो ते आठ-दहा महिन्यांचे झाले की. एक दिवस दोन एंजल फिल्टरच्या पाइपवर किंवा रुंद पानावर एकाच जागी तोंडाने घासताना दिसतील. समोरासमोर येऊन ओठात ओठ धरून ओढाओढ करतील, मग शेजारी शेजारी उभे राहून पर थरथरवतील. पोटाखाली बारीक नळी दिसायला लागते, मादीची जाडसर आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. नर-मादी खात्रीने ओळखायची वेळ हीच. एरवी कपाळाच्या उंचवट्यावरून वगैरे सांगतात ते अंदाज. मग मादी पाइपवर वरून खाली सरकत एकेक ओळ अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागून त्याच ओळीवरून फिरतो.

त्या दिवसापासून जोडी अर्धी टाकी आपली मानते. उरलेले दोन एंजल तेव्हा दुसऱ्या टाकीत हलवावेच लागतात, नाहीतर ते वरच्या कोपऱ्यात फाटक्या परांनी लटकलेले दिसतील. म्हणून आत्तापासूनच ठरवून ठेवा, ते दोघं कुणाकडे जातील. टेट्रांना जोडी हाकलते, पण ते चपळ असतात, निसटतात. कोरीच्या बाबतीत मात्र लक्ष ठेवा. रात्री एंजलना दिसत नाही आणि कोरी चाचपडत जाऊन अंडी फस्त करतात. पैदास करायची नसेल तर ते चालू द्या. पैदास करायची असेल तर जोडीला एकटीची टाकी द्यावी लागते, सामाईक टाकीत पिल्लं मोठी होत नाहीत.

रमा_नाशिक

मुळामुठा, रॅम चालेल का या टाकीत? जर्मन ब्लू रॅम माझ्या फार आवडीचा आहे.

मुळामुठा

चालतो, रमाताई. ओरिनोको खोऱ्यातला मासा, गरम पाणी त्याला एंजलपेक्षाही जास्त आवडतं, आणि तो तळाजवळ राहतो म्हणून हद्दीवरून भांडण होत नाही. पण मऊ, अगदी स्वच्छ पाणी हवं आणि मुळात नाजूक प्रकृतीचा. सहा महिने स्थिरावलेल्या टाकीतच घाला. पर्ल गुरामीही चांगला पर्याय आहे, एखादी जोडी. थ्री स्पॉट म्हणजे निळा गुरामी नको, मोठा झाला की अंगावर येतो. रेड टेल शार्क, रेनबो शार्क तळावर दादागिरी करतात. पॅरट फिश, ऑस्कर, मलावीचे सिक्लिड यांचा तर विचारही नको, मलावीवाल्यांना आठच्या आसपास पीएच लागतो आणि स्वभावही आडदांड.

डिस्कसबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. दोघे एकाच नद्यांचे असले तरी एंजल खाण्यात वरचढ ठरतो आणि एंजलच्या आतड्यातले परजीवी डिस्कसला जड जातात. डिस्कस वेगळे पाळावेत.

रानजाई

एक राहिलं. नवे मासे थेट टाकीत सोडू नका, मृण्मयीताई. एखाद्या प्लास्टिकच्या मोठ्या टबात स्पंज फिल्टर आणि हीटर लावून तीन-चार आठवडे वेगळे ठेवा. अंगावर पांढरे ठिपके, लांबट पांढरी विष्ठा, आत गेलेलं पोट, यातलं काही असेल तर त्या काळात दिसतं. स्पंज आधी दोन-तीन आठवडे मोठ्या टाकीत ठेवून घेतलात तर त्यात जिवाणू बसतात आणि टबातलं पाणी अमोनियाने बिघडत नाही. आणि ट्युबिफेक्सचे जिवंत किडे खायला घालू नका, ते गटाराच्या गाळातून येतात. गोठवलेले ब्लडवर्म चालतील, आठवड्यातून दोनदा.

मृण्मयी_पुणे

टब आणला, मोठ्या टाकीत मुरवलेला स्पंज त्यात लावलाय. मांडणी बदलली आणि कोई दोन दिवसांत मधल्या भागात यायला लागला! मुळामुठा, खरंच आभार.

यादी अशी ठरवली आहे: बारा रमीनोज, सहा अल्बिनो कोरी, पाणी २६ वर. कार्डिनल मुलाच्या हट्टाचे होते, पण दुकानात वाढलेले मिळाले नाहीत आणि रमीनोजचं लाल तोंड त्याला जास्त आवडलं. शेवटची शंका: टबात ठेवलेल्या रमीनोजचं तोंड फिकट गुलाबी आहे, दुकानात होतं तसं लालभडक नाही. आजारी आहेत का?

खाडीकाठ

नवीन जागेत पहिले एक-दोन दिवस फिकट पडतातच, काळजी करू नका. घोळका एकत्र पोहतोय आणि खाद्य घेतोय ना, ते बघा. पण ही खूण लक्षात ठेवा. पुढे मोठ्या टाकीत गेल्यावर बाराच्या बारा रमीनोज एकदम फिकट दिसले तर पाण्यात काहीतरी बिघडलंय, त्याच दिवशी अमोनिया आणि नायट्राइट तपासा आणि २५ टक्के पाणी बदला. एंजल आणि कोरीवर परिणाम दिसायच्या कितीतरी आधी हे मासे सांगतात.

टबात दिवा मंद ठेवा आणि वर जाळी टाका, रमीनोज उडी मारतात.